तीन वाजून दहा, पण कुणाचे?

टर्नर्स क्रॉसिंगमध्ये कुणी वेळ सांगितली, की ऐकणारा आधी विचारतो, “कुणाचे?” गावाच्या मधून नदी जाते. दक्षिणेचा काठ न्यू साउथ वेल्समध्ये, उत्तरेचा क्वीन्सलँडमध्ये. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दक्षिणेची घड्याळे तासभर पुढे सरकतात, उत्तरेची जागची हलत नाहीत, आणि एप्रिलपर्यंत एकाच गावात दोन वेळा नांदतात. दक्षिणेचे चार म्हणजे उत्तरेचे तीन. हा हिशेब इथले मूल चालायला लागण्याआधी शिकते असे म्हणतात. त्याचा पुरावा मी पाहिलेला नाही. पण या हिशेबात चुकलेला गावकरीही त्या डिसेंबरपर्यंत मी पाहिला नव्हता.

एनिड पॅजेट यांचे घर उत्तरेला आणि काम दक्षिणेला. आधी शाळेच्या कॅन्टीनमध्ये, आणि नंतर एकोणतीस वर्षे गावाच्या हॉलची किल्ली त्यांच्याकडे. लग्न, मयत, मतदान, गुरांच्या लसीकरणाची सभा, काहीही असो, दार त्यांनी उघडायचे आणि कुलूप त्यांनी लावायचे. नवरा लेस दक्षिणेच्या नगरपालिकेत रस्त्याचे यंत्र चालवी. उन्हाळ्यात तो त्याच्या पाचाला घरी येई, तेव्हा बाईंच्या घरात चार वाजलेले असत आणि चुलीवर काहीच नसे. “तीस उन्हाळे हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात उपाशी तोंडाने बसला,” त्या सांगत, “पण मनगटावरचा काटा हलवला नाही. मीसुद्धा नाही हलवला.” लेस जाऊन अकरा वर्षे झाली. बाईंचा काटा उत्तरेवरच राहिला.

या सवयीमुळेच हॉलच्या रजिस्टरात एक रीत पडली. किल्ली घेणाऱ्याने आत-बाहेरची वेळ लिहायची आणि पुढे उत्तरेची असेल तर ‘उ’, दक्षिणेची असेल तर ‘द’ लिहायचे. मी नोव्हेंबरपासून हॉलच्या मागच्या खोलीत हॉल चालवणाऱ्या संस्थेच्या जुन्या कागदांची सूची करत होते. ती रजिस्टरे मी पानन् पान पाहिली आहेत. अक्षर राहून गेलेली नोंद एकोणतीस वर्षांत चौदा वेळा सापडते. त्यातली एकही बाईंची नाही.

चोवीस डिसेंबरच्या सकाळी दक्षिणेच्या सातला हॉलच्या नाताळच्या स्वयंपाकाची जबाबदारी असलेली बेव्ह ऑकली तिथल्या स्वयंपाकघरात शिरली आणि मांस ठेवायच्या थंड खोलीचे दार उघडताच दोन पावले मागे आली. आदल्या दिवशी बाहेर बेचाळीस अंश होते. आत यंत्राचा आवाज नव्हता. नऊ हॅम, सहा टर्की, चाळीस किलो कोळंबी, सगळे कोमट झाले होते. दुसऱ्या दिवशी नाताळच्या जेवणाला दोन्ही काठांची एकशे चाळीस माणसे येणार होती. ज्यांच्या घरी जेवायला दुसरे कुणी नसते, अशी बरीचशी.

थंड खोलीचे बटण खाली पडलेले होते, एवढेच कारण. रंगमंचाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जुना स्विचबोर्ड आहे. बटणांवरची नावे केव्हाच पुसली गेलेली.

साडेनऊला समितीचे सगळे स्वयंपाकघरात जमले. क्लाईव्ह ट्रस्कॉट अध्यक्ष. निवृत्त मोजणीदार, शिस्तीचा, कुणाचे वाईट न चिंतणारा माणूस. त्याने थंड खोलीच्या दाराबाहेरच्या नोंदयंत्रातून कागदी तबकडी काढून आणली. हे यंत्र खोलीसोबतच एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानातून आलेले. पेन्सिलीएवढे पेन आठवडाभर हळूहळू फिरणाऱ्या तबकडीवर तापमानाची रेघ ओढत राहते. ते सेलवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी थांबत नाही. दर सोमवारी सकाळी एनिडबाई नवी तबकडी लावत, फिरवून त्या क्षणीची वेळ पेनाखाली आणत आणि जुनी तबकडी बिस्किटांच्या डब्यात ठेवत.

“रेघ तीन वाजून दहा मिनिटांना वर चढायला लागली,” क्लाईव्ह म्हणाला. “तबकडी एनिड लावते, एनिड उत्तरेची. म्हणजे आपले चार दहा. आता रजिस्टर. मी रंगमंचावर दिव्यांच्या माळा लावत होतो, दोन चाळीस ते तीन पंचवीस, द. त्यानंतर एनिड, तीन ते तीन पस्तीस, उ. म्हणजे आपले चार ते चार पस्तीस. चार दहाला हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.”

हिशेब प्रत्येकाने मनात करून पाहिला होता. मीही केला. बरोबर होता.

“मी रोज जाताना किटलीचं आणि पंख्यांचं बटण बंद करते,” एनिडबाई म्हणाल्या. त्यांनी उजवा हात वर धरून त्याच्याकडे पाहिले. “कालही केलं. हात वर गेलेला आठवतोय. किती बटणं, ते नाही आठवत.” मग अगदी शांतपणे, “मग मीच असणार.”

“कुणी दोष देत नाहीये गं, एनिड.”

“दे ना. नऊ हॅम आहेत, क्लाईव्ह. कुणाला तरी द्यायलाच पाहिजे.”

त्यांची मुलगी जनीन ब्रिस्बेनहून सणाला आली होती. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते. बाईंच्या आईची स्मृती सत्तरीत गेली होती. बाई आता शहात्तरच्या. जूनमध्ये त्यांनी किटली चुलीवर विसरून जाळली. ऑगस्टमध्ये दातांच्या डॉक्टरकडे एक दिवस आधी जाऊन बसल्या. ऑक्टोबरात जनीनला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जनीनने तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत आईसाठी एक खोली धरून ठेवली होती, आणि बाई महिनाभर नाही म्हणत होत्या.

“आई,” जनीन म्हणाली, “त्यांना आज बारापर्यंत कळवायचंय. नाहीतर खोली पुढच्या माणसाला जाईल.”

“कुणाचे बारा?”

“ब्रिस्बेनचे.”

“म्हणजे इथले एक.” हिशेब क्षणात झाला. “ठीक आहे. कळव, येते म्हणून.” आणि त्यांनी एप्रनच्या खिशातून हॉलची किल्ली काढून टेबलावर ठेवली. क्लाईव्ह ती उचलेना. शेवटी बेव्हनेच ती तिथून सरकवली, पीठ मळायला जागा हवी म्हणून.

“अगं, एकपर्यंत तरी थांब,” बेव्ह जनीनला म्हणाली. “निदान माझी पेस्ट्री होऊ दे. रडत रडत मळली की चिवट होते.”

जनीनने मान डोलावली. “बारा चाळीसला फोन करीन.”

लोक कामाला लागले. कोळंबी पुरायला खड्डा हवा होता; घरोघर फोन करून कुणाकडे काय शिल्लक आहे ते विचारायचे होते. एनिडबाई माझ्या खोलीच्या दारात आल्या. लहानपणी त्यांनी मला सहा वर्षे कॅन्टीनच्या खिडकीतून सॉसेज रोल दिले आहेत. मी अजून त्यांना मिसेस पॅजेटच म्हणते.

“ब्रायनी, पोरी, ही डब्यात ठेव. बाकीच्यांबरोबर.” क्लाईव्हने टेबलावर टाकलेली तबकडी त्यांच्या हातात होती. “एकाच दिवसाची आहे, पण ठेव. मधलीच एक गेली तर तुझा संच तुटेल.”

ती डब्यात ठेवताना मी तिच्यावर तारीख घालायला बसले. घड्याळात पावणेबारा. द.

दार उघडले की थंड खोलीत ऊब शिरते आणि रेघेवर एक लहानसा उंचवटा येतो. सोमवारच्या सकाळी एकच मोठा उंचवटा होता, वीसेक मिनिटांचा. कुणीतरी दार बराच वेळ उघडे ठेवून सामान आत लावले होते. तो दहा वाजून वीस मिनिटांच्या खुणेवर सुरू होत होता. मी त्याकडे आधी नुसतेच पाहिले. मग मला बेव्हच्या स्वयंपाकघरातला खिळा आठवला.

खिळ्यावर खाटकाची पावती टोचलेली होती. नऊ हॅम, सहा टर्की, खाली बेव्हची सही आणि यंत्राने छापलेली वेळ: दहा वीस.

तबकडी उत्तरेची असेल आणि पावती दक्षिणेची, तर उंचवटा नऊ वीसला दिसायला हवा होता. नऊ वीसला रेघ सरळ होती. दोन्ही उत्तरेच्या असतील, तर क्लाईव्हचा हिशेब पक्का. सगळे आता एका छापील आकड्यावर येऊन थांबले होते, आणि त्या आकड्यापुढे कुणी अक्षर लिहिलेले नव्हते. तो खाटीक नदीच्या दोन्ही बाजूंना माल पोचवतो.

बेव्हला विचारता आले असते, पण आज नुसत्या आठवणीवर काही ठरणार नव्हते. पावतीवर माल आणणाऱ्या ड्रायव्हरचा नंबर होता. मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गावाबाहेर पन्नास किलोमीटर सिग्नल नसतो. दुकानात लावला, तिथे नाताळच्या शुभेच्छा देणारा ध्वनिमुद्रित आवाज होता.

वाट पाहण्यापेक्षा मी डबा उलटा केला. दर गुरुवारी बाई एकट्या राहणाऱ्यांचे डबे भरतात आणि दक्षिणेच्या साडेअकराला थंड खोलीचे दार उघडतात, गाडी तेव्हा येते म्हणून. बारा उन्हाळ्यांच्या तबकड्यांवर हा गुरुवारचा उंचवटा साडेदहाला होता, कारण तबकडी उत्तरेची. या उन्हाळ्याच्या तबकड्यांवर तो साडेअकराला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून, एकूणएक.

बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

“मिसेस पॅजेट, तुम्ही तबकडी लावताना वेळ कशात बघता?”

“घड्याळात.”

“तुमच्या हातात घड्याळ नाहीये.”

त्यांनी ओल्या मनगटाकडे पाहिले, जणू तिथून कुणी आत्ताच ते काढून नेले होते. “ते सप्टेंबरात बंद पडलं. खणात आहे. हिने फोन दिलाय ना,” सुरीने जनीनकडे खूण, “त्यात बघते.”

“आणि हॉलमध्ये तुमचा फोन कुठली वेळ दाखवतो?”

बाईंची सुरी थांबली. आमच्याकडचे फोन ज्या काठाचा मनोरा पकडतील त्या काठाची वेळ दाखवतात. पुलावर उभे राहिले तर कधी कधी मिनिटाला तास बदलतो. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच फोनवरून कुणी वेळ ठरवत नाही. फक्त बाईंनी आयुष्यात कधी वेळ ठरवलीच नव्हती. मनगटावर असेल ती त्यांची वेळ. ते बंद पडल्यापासून रजिस्टरात लिहिताना त्या भिंतीवरचे दक्षिणेचे घड्याळ पाहून एक तास वजा करत. तबकडी लावताना मात्र काहीच विचार न करता, हातात असेल ते पाहून.

“पण सोमवारी सकाळी फोनने कुठला मनोरा पकडला होता, ते कुणी सांगू शकणार नाही,” मी म्हणाले. मला त्यांना खोटी आशा द्यायची नव्हती. “अजून काहीच सिद्ध नाही.”

“मग मला कशाला सांगतेस, पोरी?” त्या म्हणाल्या. बटाट्याची साल त्यांच्या बोटाभोवती गुंडाळली गेली होती. “मी एकदा मनाची तयारी केलीय. दोनदा नाही होणार.”

बारा तीस झाले. जनीनने फोन बाहेर काढून टेबलावर ठेवला. बारा पस्तीसला माझा वाजला.

“कोण? कसली वेळ?” ड्रायव्हर ओरडून बोलत होता. “बाई, यंत्र दुकानाची वेळ छापतं. दुकान दक्षिणेला, शंभर किलोमीटर आत. मी क्वीन्सलँडात असलो तरी तेच छापणार. तुमच्या गावात काय भूत आहे हो? येईल तो हेच विचारतो.”

मी तबकडी, पावती आणि रजिस्टर घेऊन हॉलमध्ये गेले. क्लाईव्ह शिडीवर होता. त्याने सगळे ऐकून घेतले, खाली उतरला, आणि हाडाचा मोजणीदार जसे करील तसे आधी चूक शोधली.

“तुझा उंचवटा दुसऱ्या कशाचा असू शकतो. तबकडी उत्तरेचीच धर. मग तो आपल्या अकरा वीसचा होतो. कुणीतरी अकरा वीसला दार उघडलं असेल.”

“अकरा वीसला आम्ही सगळ्या चर्चमध्ये फुलं लावत होतो,” बेव्ह पिठाच्या हातांनी आली. “हॉलला कुलूप होतं. रजिस्टर बघ की, अध्यक्ष महाराज. तुझ्या दोन चाळीसपर्यंत चिटपाखरू नाही.”

त्याने पाहिले. अकरा ते दोन चाळीस कुणाचीच नोंद नव्हती.

“आणि माल आला तेव्हा, माझ्या दहा वीसला, दार वीस मिनिटं उघडं होतं,” बेव्ह म्हणाली. “कंबर मोडली माझी हॅम चढवताना. ते तुझ्या रेघेवर नऊ वीसला दिसायला नको?”

क्लाईव्हने तबकडी खिडकीशी उजेडात धरली. त्याची करंगळी नऊ वीसवर गेली, तिथून दहा वीसवर, आणि मग सावकाश तीन दहावर. हॉलमधल्या माळा लुकलुकत होत्या. जनीनचा फोन तिच्या हातात होता, पण अंगठा हलत नव्हता.

“तबकडी दक्षिणेचीच होती,” तो म्हणाला. “आपण नसलेला तास मिळवला. सगळ्यांनी.” करंगळी खुणेवर तशीच ठेवून, “तीन दहा. द.”

तो स्विचबोर्डापाशी गेला. एकेका बटणावर बोट ठेवत गेला.

“रंगमंचाचं बटण सापडेना,” भिंतीशी बोलल्यासारखा तो म्हणाला. “नावं पुसलीत. म्हणून एकेक पाडून बघितलं. पाडलं, वर केलं. पाडलं, वर केलं.” त्याने चष्मा काढला. “सगळी वर केली असं मला अगदी स्पष्ट आठवतंय.”

एनिडबाई स्वयंपाकघरातून आल्या होत्या. त्या दारात उभ्या होत्या, एप्रनला हात पुसत.

“वय काय रे तुझं, क्लाईव्ह?”

“अडुसष्ट.”

“मग जनीन, ती खोली ह्याला विचार.”

बेव्ह आधी हसली, मग क्लाईव्हही. पण त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. “एनिड, मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“नऊ हॅमची माफी तोंडाने नाही सुटत,” बेव्ह म्हणाली. “उद्या सांताचा झगा तू घाल. दाढीसकट. लोकरीचा आहे.”

बारा बावन्न झाले होते. जनीन आईजवळ आली आणि हलक्या आवाजात बोलली, पण हॉल रिकामा असला की घुमतो.

“आई, किटलीचं खरंच आहे ना? आणि डॉक्टरचं?”

“आहे.”

“मग?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. “ब्रायनी, तू लिहून ठेवणार ना हे? काय लिहिशील? खरं सांग.”

“तेवीस डिसेंबरला थंड खोलीचं बटण तुम्ही पाडलं नाहीत,” मी म्हणाले. “यापेक्षा जास्त काही या कागदांतून निघत नाही. तुम्ही कधीच विसरत नाही, असं मला लिहिता येणार नाही.”

“मी कुठे म्हटलं लिही म्हणून.” त्या जनीनकडे वळल्या. “किटली मी जाळली. उद्या आणखी काही जाळीन. तेव्हा आपण बोलू. पण आज सकाळी मी घर सोडायला निघाले ते न केलेल्या गोष्टीपायी. ते मी नाही होऊ देणार.” त्यांनी हात पुढे केला. “दे फोन. मी सांगते.”

जनीनने नंबर लावून दिला. ब्रिस्बेनच्या अकरा छप्पनला बाईंनी नीट, गोड आवाजात सांगितले, की खोली पुढच्या माणसाला द्यावी, आणि त्यांना नाताळच्या शुभेच्छाही दिल्या. जनीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती आनंदली असे मी म्हणणार नाही. काही वेळाने तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावरची किल्ली आणली, तिच्यावरचे पीठ फुंकले आणि आईच्या एप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाले. नऊ घरांतून नऊ तऱ्हेचे मटण आले, नदीतले मासे आले, कुणी फ्रीजमध्ये ठेवलेली कोंबडी आणली. पुडिंगे कापडात बांधून छताला टांगलेली होती म्हणून वाचली. क्लाईव्हने एक्केचाळीस अंशांत लोकरीच्या झग्यात एकशे चाळीस पाने वाढली आणि दुपारी दोनला, द, त्याला पाठीमागच्या व्हरांड्यात नळाखाली बसवावे लागले. जनीन अठ्ठावीसला परत गेली. ईस्टरला पुन्हा विचारीन म्हणाली. बाई म्हणाल्या, विचार.

तीस तारखेला सोमवार होता. मी सूचीचे काम करत बसले होते तेव्हा बाई नवी तबकडी घेऊन आल्या. स्विचबोर्डावर क्लाईव्हने नावांच्या नव्या पट्ट्या लावल्या होत्या, छापील, मोठ्या अक्षरांत. बाईंनी फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते.

तबकडी फिरवून त्यांनी पेनाखाली नऊ आणले. खिशातून पेन्सिल काढली, आणि तबकडीवर इतक्या वर्षांत कधी केले नव्हते ते केले. तबकडीच्या कडेला, रेघेच्या आड येणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात लिहिले: द.

“बरोबर आहे ना गं?” त्यांनी विचारले.

मी उठून घड्याळ पाहिले, मग तबकडी. बरोबर होते.